आबांच्या भुवया

आबांना भुवया नव्हत्या. जन्मतः होत्या, पण कळायला लागल्यापासून ते त्या वस्तऱ्याने उतरवत आले होते, रोज सकाळी, दाढीबरोबरच. कारण विचारलं तर म्हणायचे, “भुवया ठेव्या का माणूस एकच व्हई जास, माय.” आणि त्यांना एकच माणूस होऊन चालणार नव्हतं. ते बहुरूपी होते. काजळाच्या काडीने जाड, रागीट भुवया काढल्या की फौजदार. बारीक, कमानदार काढल्या की नर्सबाई. पांढऱ्या रंगाने विस्कटून काढल्या की काशीहून परतलेला बैरागी. टोपी, पट्टा, पिशवी, चाल, आवाज हे सगळं त्या भुवयांच्या मागोमाग यायचं.

धुळ्यात आमचा फोटोस्टुडिओ आहे. तेव्हा वडील चालवायचे आणि मी शाळेतून आले की काउंटरमागच्या स्टुलावर बसून अभ्यास करायची. मला आठवणारे पहिले आबा फौजदार होते. आत आले ते हातातली छडी काचेवर आपटतच. आमच्या दर्शनी काचेत एका नवरदेवाचा मोठा फोटो लावलेला होता. आबांनी त्याच्यावर छडी रोखली आणि वडिलांना विचारलं, हा फरारी इसम तुमच्याकडे कधी येऊन गेला? तो माझा सख्खा मामा होता. वडील आबांना दर वर्षी पाहत होते, हे सोंग आहे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरी ते खुर्चीतून उठून उभे राहिले आणि मेहुण्याची बाजू मांडू लागले. शेजारचे कापडवाले कांतिलालशेठ दारात उभे राहून तोंडात रुमाल कोंबून हसत होते. मग आबा त्यांच्याकडे वळले आणि शेठजींचं हसू मावळलं.

आबांच्या फेरीचा एक नेम होता. एखाद्या पेठेत किंवा गावात आले की ते तिथे काही दिवस राहायचे. रोज वेगळं सोंग. आज टपालखात्याचा साहेब, उद्या लस टोचणारी बाई, परवा हरवलेली म्हैस शोधणारा वेडा. या दिवसांत ते कोणाकडून पैसा घ्यायचे नाहीत, चहासुद्धा नाही. शेवटच्या दिवशी मात्र साबणाने स्वच्छ तोंड धुऊन, साधा पायजमा-सदरा घालून, काजळाच्या भुवया न काढता ते दारोदार यायचे आणि हात जोडून उभे राहायचे. “तो मीच व्हतू,” एवढंच म्हणायचे. मग घरातली माणसं त्यांच्या त्या गुळगुळीत तोंडाकडे बघत राहायची, त्यात कालचा फौजदार शोधायची, हसायची आणि बिदागी द्यायची. कोणी धान्य, कोणी पैसे, कोणी जुना कोट. आबा ती कपाळाला लावायचे आणि म्हणायचे, “हासतं घर शे, हासतं राहो.”

तोंड शेवटच्या दिवशी, हा त्यांच्या धंद्यातला सगळ्यात मोठा कायदा होता. तोंड आधी दाखवलं तर खेळ मोडला, आणि तोंड न दाखवता बिदागी घेतली तर ती चोरी. एकदा मुक्ताईनगरच्या यात्रेत पाऊस झाला, लोक पांगले आणि शेवटचा दिवस बुडाला. तिथल्या एका दुकानदाराने आधीच हातात कोंबलेली नोट आबांनी वर्षभर रुमालात बांधून ठेवली आणि पुढच्या यात्रेत तोंड धुऊन त्याच्यासमोर गेल्यावरच मोडली. दुकानदाराला काही आठवत नव्हतं. आबांना त्याच्याशी कर्तव्य नव्हतं.

वडील गेले आणि मी स्टुडिओ बघू लागले. तोवर फोटोच्या धंद्यात काही राम राहिला नव्हता, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला होता. मी पासपोर्टचे फोटो, ऑनलाइन फॉर्म आणि त्यासोबत लोकांचे प्रोफाइल करून देऊ लागले. कामधंद्याच्या ओळखी जुळवणारी एक मोठी साइट आहे, नोकरदार लोक त्यावर आपापला फोटो, शिक्षण, अनुभव टांगून ठेवतात आणि जगातून कोणी विचारतंय का याची वाट बघतात. जळगावचे केळीचे व्यापारी, भडगावचे इंजिनिअर झालेले मुलगे, सगळ्यांना मी टाय लावून बसवलं आहे. एक टाय स्टुडिओतच खुंटीला असतो, सगळे तोच लावतात. आबा दर वर्षी येत राहिले आणि दर वर्षी मला नव्याने फसवत राहिले. मी चिडायची, मग हसायची, मग बिदागी द्यायची. असंच चालेल असं वाटलं होतं.

मग ते वर्ष आलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, वेश बदलून येतात, असा निरोप मोबाइलवरून गावोगाव फिरू लागला. कुठल्या गावात काय झालं ते कोणालाच धड माहीत नव्हतं, पण अनोळखी माणूस दिसला की लोक उठायचे. आबांना लोकांनी सांगितलं होतं, या साली घरी बसा. आबा म्हणाले, मी अनोळखी कसा, माझा बाप या गावांत फिरला आहे. एका गावात त्यांचे सोंगाचे दिवस भरत आले होते, शेवटचा दिवस दुसऱ्या दिवशीच होता. त्या गावाचं नाव आबांनी कधी घेतलं नाही, मीही घेणार नाही. नर्सबाईच्या वेशात ते शाळेजवळून जात होते. कोणीतरी ओरडलं. ग्रामपंचायतीसमोरच्या विजेच्या खांबाला त्यांना बांधलं. मारलंही, पण आबा माराबद्दल फार बोलायचे नाहीत. खरं कोण आहेस ते बघू, म्हणत त्या माणसांनी त्यांच्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि गोणपाटाने त्यांचं तोंड खसाखसा पुसलं. रंग गेला, काजळ गेलं, खाली भुवया नसलेलं तोंड निघालं, आणि ते बघून लोक आणखी बिथरले. पोलीस वेळेवर आले म्हणून आबा वाचले. गाडीत बसवताना तिथल्या हवालदाराने त्यांना ओळखलं. लहानपणी त्यालाही त्यांनी घाबरवलं होतं.

बरे होऊन ते पहिल्यांदा स्टुडिओत आले तेव्हा मला फक्त एवढंच म्हणाले. “तोंड दखाडाना दिन मना व्हता, माय. तेस्नी आधीच पुशी लिनं.” मी चहा सांगितला.

त्यानंतर आबांनी फेरी बंद केली. सोनगीरजवळ त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, बायको आधीच गेलेली, एकुलती मुलगी शोभाताई भडगावला दिलेली. दिवस जाईना म्हणून ते एसटीने धुळ्याला यायचे आणि माझ्या बाकावर बसून राहायचे. पण उघड्या तोंडाने नाही. घरून निघतानाच साध्या, कोणाच्याही असाव्यात अशा काळ्या भुवया काढून यायचे. ना धड सोंग, ना धड आबा. घाम आला की काजळ ओघळायचं, मग ते आरशासमोर जाऊन ते पुन्हा नीट करायचे. गिऱ्हाईक आलं की भिंतीकडे तोंड करून बसायचे. मला ते बघवायचं नाही. आयुष्यभर लोकांसमोर उभा राहिलेला माणूस असा भिंतीकडे बघत बसलेला चांगला नाही दिसत.

त्याच सुमारास जळगावचा एक तरुण माझ्याकडे आला होता. लग्नाच्या वरातीत आगीचे खेळ करायचा. त्याने माझ्याकडून प्रोफाइल करून घेतला आणि चक्क आखातातल्या एका हॉटेलात त्याला काम मिळालं. तो पेढे द्यायला आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला, ताई, युरोपात तर रस्त्यावरच्या खेळांचे उत्सव भरतात, तिथे नुसते वेश करून लोकांत फिरणारे कलाकार लागतात, त्यांना मानधन देऊन बोलावतात. पेढा माझ्या हातातच राहिला. मी बाकाकडे पाहिलं. आबा भिंतीकडे तोंड करून बसले होते, पण कान इकडे होते.

“आबा,” मी म्हटलं, “तिकडे तुम्हाला कोणी बांधणार नाही.”

दुसऱ्या दिवशी ते ट्रंकेतले सगळे वेश घेऊन आले.

प्रोफाइल करणं म्हणजे आबांशी भांडण होतं. हुद्दा काय लिहायचा, इथपासून सुरुवात. मी ‘लोककलावंत’ लिहिलं, ते त्यांना पटेना. “मी गास का? नाचस का? बहुरूपी लिख.” मग इंग्रजीत त्याचा अर्थ समजावणारी दोन वाक्यं जोडली. अनुभवाच्या रकान्यात संस्थेचं नाव विचारतात, जिथे काम केलं ती कंपनी. आबांनी गावांची नावं सांगितली. भडगाव, एरंडोल, पारोळा, शिंदखेडा. मी म्हटलं, ही गावं आहेत, कंपन्या नाहीत. ते म्हणाले, “काम तेस्नंच करं ना?” मी तशीच लिहिली. ते एक गाव त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शिफारशींचाही रकाना असतो. कांतिलालशेठनी मोठ्या हौसेने लिहून दिलं की हा माणूस माझ्या दुकानात आयकर अधिकारी बनून आला असता मला खरोखर घाम फुटला आणि मी त्याला मागच्या दाराने गोदामात नेऊन गोडीगुलाबीने बोलू लागलो. पुढचं मी त्यांच्याच भल्यासाठी गाळलं.

सगळं लिहून झाल्यावर मी ते आबांना वाचून दाखवलं. त्यांचं तोंड उतरलं. “आधीच बठ्ठं सांगी टाकं, मंग खेळ कसाना?” त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, पण त्या साइटची रीतच तशी. तिथे माणसाने पहिल्या दिवशीच सगळं उघडं करायचं असतं. आणि फोटोवरून तर गाडी पूर्ण अडली. मी उघड्या तोंडाचा एक फोटो मागितला. आबा उठले आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघून गेले. दोन दिवस आलेच नाहीत. मग मीच माघार घेतली आणि फौजदाराच्या वेशातला फोटो लावून प्रोफाइल सुरू केला.

मी वेगवेगळ्या उत्सवांच्या माणसांना निरोप पाठवत राहिले. बरेचसे वाचलेही गेले नाहीत. पावसाळा संपत आला तेव्हा बेल्जियममधल्या एका छोट्या शहराच्या उत्सवाकडून उत्तर आलं. कलाकार निवडणारी बाई होती, एव्हा नावाची. तिने गावांच्या नावांचा रकाना वाचून लिहिलं होतं की इतकी मोठी कंपन्यांची यादी मी आजवर पाहिली नाही, मला या माणसाशी व्हिडिओवर बोलायचं आहे. मी आबांना तीनतीनदा बजावलं की फक्त बोलायचं आहे, काम दाखवायचं नाही. आबांनी मान डोलवली.

ठरलेल्या दिवशी मी लॅपटॉप लावला, एव्हाला हसून नमस्कार केला, आबा तयार होत आहेत असं सांगितलं, आणि तेवढ्यात एक कुटुंब पासपोर्टचे फोटो काढायला आलं म्हणून आतल्या खोलीत गेले. बाहेरून एकदम दणदणीत आवाज आला. मी धावत बाहेर आले तर आबा फौजदाराच्या पूर्ण वेशात लॅपटॉपसमोर उभे होते आणि मोडक्या हिंदी-इंग्रजीत त्या बाईला दरडावत होते की तुम्ही ज्याच्याशी बोलणार होतात तो इसम आमच्या ताब्यात आहे, तुमचं नाव-पत्ता सांगा, तुमच्यावरही वॉरंट आहे. पोलिसांचे कपडे घालून व्हिडिओवर लोकांना धमकावून लुटणारे चोर हल्ली सगळ्या जगाला माहीत झाले आहेत. एव्हाचा चेहरा पांढरा पडला. स्क्रीन काळी झाली.

आबा माझ्याकडे वळले. कित्येक महिन्यांत त्यांना मी इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. “घाबरनी ना ती?” ते म्हणाले. “मंग काम व्हयनं.”

त्यांचं काही चुकलं असं त्यांना वाटणं शक्यच नव्हतं. त्यांच्या धंद्यात पहिल्या दिवशी माणूस घाबरला म्हणजे फेरी जमली. जो घाबरलाच नाही तो शेवटच्या दिवशी हसणार कसा? मी मात्र त्या दिवशी त्यांच्यावर खूप चिडले, तोंडाला येईल ते बोलले. संध्याकाळी साइटचा निरोप आला. बनावट ओळख वापरून धमकावल्याच्या तक्रारीवरून हा प्रोफाइल बंद करण्यात आला आहे. खरी ओळख पटवायची असल्यास चेहऱ्याचा स्पष्ट, ताजा फोटो ओळखपत्रासह पाठवावा.

मी तो निरोप आबांना मराठीत सांगितला. ते टोपी मांडीवर घेऊन बसले होते. बनावट हा शब्द त्यांनी मला परत म्हणायला लावला. खरं कोण आहेस ते बघू, हेच पुन्हा कोणीतरी त्यांना म्हणत होतं, फक्त या वेळी सभ्य भाषेत. मलाही ते कळत होतं. मी म्हटलं, “राहू द्या आबा. नाही केलं तरी चालेल.”

ते आठवडाभर आले नाहीत. मग एका सकाळी मी शटर उघडत होते तेव्हा बाहेर उभे होते. काजळाने भुवया काढलेल्या होत्या. हातात स्वतःचा टॉवेल आणि साबणाची वडी. आत आले आणि म्हणाले, शटर खाली घे. मी घेतलं. मागच्या मोरीत त्यांनी तोंड धुतलं. मी टॉवेल पुढे करायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि तो स्वतः उचलला. फार हळू पुसलं, टिपून टिपून. मग येऊन स्टुलावर बसले. मी पाहिलं, त्यांच्या भुवयांच्या जागी गोणपाटाने घासल्याच्या खुणा राहिल्या होत्या. काजळाखाली त्या इतके दिवस दिसल्या नव्हत्या.

मी सवयीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हटलं, मान थोडी वर. आबांनी हात वर केला.

“इचारीसन काढ, माय.”

इतकी वर्षं मी फोटो काढते आहे. हनुवटी वर, डोळे उघडे, हसा, झालं. पुढे. कोणाला कधी विचारलं नव्हतं आणि कोणी विचारायलाही सांगितलं नव्हतं. मी कॅमेरा खाली घेतला.

“आबा, काढू?”

ते माझ्याकडे बघत राहिले. बाहेर कोणीतरी शटर वाजवून निघून गेलं. मला वाटलं, आता उठतील. मग ते म्हणाले, “काढ.”

एकच फोटो काढला, तोच चांगला आला. त्यात आबा हसत नाहीत, रागावलेलेही नाहीत. फक्त बघत आहेत.

तो फोटो पाठवला, प्रोफाइल पुन्हा सुरू झाला. एव्हाला मी लांबलचक निरोप लिहिला आणि तोंड शेवटच्या दिवशी दाखवण्याची रीत समजावून सांगितली. तुम्ही घाबरलात म्हणून ते खूश झाले होते, हेही लिहिलं. तिचं उत्तर यायला वेळ लागला. आलं तेव्हा त्यात माफी होती आणि आणखी एकदा बोलण्याची विनंती. या वेळी आबा उघड्या तोंडाने बसले, हात जोडले आणि म्हणाले, “तो मीच व्हतू.” मी भाषांतर केलं. एव्हाने तोंडावर हात ठेवला आणि मग ती हसू लागली, आमच्या पेठेतली माणसं हसायची तशीच. आबा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “दख. हासनी.”

पुढच्या उन्हाळ्यात ते बेल्जियमला गेले. कागदपत्रं उत्सववाल्यांनी केली, मुंबईहून त्यांचाच एक माणूस सोबत होता. शोभाताई रडत होती आणि आबा तिला विमानतळावरच्या शिपायाची चाल करून दाखवत होते. उत्सवात त्यांनी नगरपालिकेच्या साहेबाचं सोंग केलं. भाषा येत नव्हती, म्हणून टेप घेऊन फिरले आणि लोकांच्या सावल्या मोजून, सावली जागेबाहेर पडली म्हणून त्यांना चिठ्ठ्या देत राहिले. एव्हाने पाठवलेल्या चित्रफितीत एक जाडजूड गृहस्थ आपली सावली आवरून घेण्यासाठी भिंतीला चिकटून उभे राहिलेले दिसतात. उत्सवाच्या शेवटच्या दिवशी कोणी सांगितलं नसताना आबा तोंड धुऊन त्याच रस्त्यावरच्या दुकानांसमोर हात जोडून उभे राहिले. मानधन ठरलेलं होतं, बिदागीची गरज नव्हती. पण तोंड न दाखवता मानधन तरी कसं घेणार? बेकरीतल्या एका म्हातारीने त्यांना ओळखलं आणि एक मोठा पाव दिला. तो त्यांनी टॉवेलात गुंडाळून धुळ्यापर्यंत आणला. दगडासारखा झाला होता. आम्ही तो चहात बुडवून खाल्ला, कांतिलालशेठनीसुद्धा.

“तठे बी लोके घाबरतस, मंग हासतस,” आबा म्हणाले. “आठेसारखंच शे.” मग थोडं थांबून म्हणाले, “माय, गाडी शे ना तुनी? एक गावले जानं शे.”

कुठल्या, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. आबांनी पायजमा-सदरा घातला होता आणि तोंडाला काही लावलं नव्हतं. ग्रामपंचायतीसमोर उतरले. खांब तिथेच होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुढे चालू लागले, पहिल्या घराच्या दारात जाऊन हात जोडले.

“ती नर्सबाई मीच व्हतू. त्या दिन तोंड दखाडानं रही गयथं.”

त्या घराचं दार लागलं. दुसऱ्या घरातला माणूस मान खाली घालून उभा राहिला आणि आत निघून गेला. तिसऱ्या घरी कोणी नव्हतं. मी स्कूटरजवळ उभी होते. आबा एकही दार न सोडता चालले होते, आवाज न चढवता तेच वाक्य म्हणत होते. लोक ओट्यांवर येऊन बघू लागले. शेवटी एका घरातून एक म्हातारी सुपात बाजरी घेऊन बाहेर आली. तिचे डोळे भरले होते. आबांनी सदऱ्याचा ओचा पुढे केला, बाजरी घेतली, चिमूट कपाळाला लावली. “हासतं घर शे, हासतं राहो,” ते म्हणाले. अगदी नेहमीच्या आवाजात. त्यानंतर दोन-तीन दारं आणखी उघडली. जी उघडली नाहीत त्यांच्यासमोरही आबा तेवढाच वेळ हात जोडून उभे राहिले.

परत येताना मी आरशात बघितलं तर आबा सदऱ्याचा ओचा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते, बाजरी सांडू नये म्हणून.

पुढच्या वर्षीही एव्हाचं बोलावणं आलं, आणखी एका उत्सवाचंही. आबांनी दोन्हींना नाही सांगितलं. मला वाईट वाटलं, इतकं सगळं करून दिलेला प्रोफाइल असा पडून राहणार. पण त्यांना धाप लागत होती, ते मला फार उशिरा कळलं. शोभाताईने त्यांना भडगावला नेलं. मी भेटायला गेले तेव्हा गिरणा नदीला पाणी होतं आणि आबा मागच्या अंगणात खाटेवर पडून होते. मी जवळ गेले आणि क्षणभर ओळखलंच नाही.

आबांना भुवया आल्या होत्या. पांढऱ्या, दाट, थोड्या विस्कटलेल्या. इतकी वर्षं दाबून ठेवल्याचा राग काढल्यासारख्या उगवल्या होत्या. त्यांच्याखाली डोळे निवांत दिसत होते. मला बघून ते हसले.

“कसं जमनं म्हातारानं सोंग?”

मी म्हटलं, फसले मी. मग दोघंही हसलो, त्यांना ठसका लागला, शोभाताईने पाणी दिलं. आम्ही पेठेच्या गोष्टी केल्या. निघताना माझ्या मनात आलं, हे तोंड मी आजवर कधी पाहिलं नाही, कोणीच पाहिलं नाही. कॅमेरा पिशवीतच होता. मी तो बाहेर काढला आणि विचारलं,

“आबा, काढू?”

त्यांनी विचार केला. खरंच विचार केला. मग मान हलवली.

“नको, माय. हाई तोंड आते मनापाशीच राहू दे.”

मी कॅमेरा पिशवीत ठेवला.

आबा गेले तेव्हा शोभाताईने भिंतीला लावायला फोटो मागितला. माझ्याकडे उघड्या तोंडाचा एकच होता, तो प्रोफाइलचा. मी तो मोठा करून, चौकट लावून दिला. बघणारे म्हणतात, फोटो छान आहे, पण भुवया का नाहीत? शोभाताई त्यांना आबांची सगळी गोष्ट सांगते. माझ्या स्टुडिओत आता स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला मी आधी विचारते, काढू? लोक गोंधळतात, त्यासाठीच तर आलो आहोत म्हणतात. भुवयांचे आबा मी त्या दिवशी डोळे भरून पाहिले. त्यांचा फोटो माझ्याकडे नाही. त्यांनी नको म्हटलं होतं.